सितारामची पिशवी

नळी लागलेला माणूस अकराव्या दिवशी जातो, असं चुडावा गावात कुणी म्हणत नव्हतं. हे गणित एकट्या आश्रुबाचं होतं आणि त्यानं ते कुणाला सांगितलंही नव्हतं. सितारामला लघवीची नळी लागली आणि अकराव्या दिवशी तो गेला, एवढाच काय तो आधार. एका उदाहरणावरून कायदा करू नये हे आश्रुबालाही कळत होतं. पण ज्याच्या स्वतःच्या अंगात नळी असते त्याला एक उदाहरण भरपूर होतं.

आश्रुबाची लघवी एका शुक्रवारी सकाळी बंद पडली. तसं वर्षभर तिचं लक्षण ठीक नव्हतंच. मोरीत गेला की आश्रुबा उभाच, उभाच, बाहेरून कुसुमबाई विचारायची, "झोप लागली की काय उभ्या उभ्या?" वयाचा दोष म्हणून त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसानं असल्या गोष्टी सांगायच्या तरी कुणाला? त्या सकाळी मात्र थेंब येईना. ऊन वर आलं तोवर ओटीपोट दगडासारखं झालं, आणि माणसात बसून कधी 'आई गं' न म्हटलेला आश्रुबा अंगणात गुरासारखा ओरडायला लागला. मुलगा नागेश शाळामास्तर. त्यानं शाळेत निरोप धाडला, जीप बोलावली आणि बापाला परभणीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरनं नळी घातली आणि पिशवी भराभर भरली. त्या घटकेला आश्रुबाला इतकं सुख वाटलं की त्यानं पडल्या पडल्या डॉक्टरला हात जोडले. ते उपकार दोन तास टिकले. मग आग सुरू झाली.

"प्रोस्टेटची गाठ वाढलीय, तिनं वाट अडवलीय," डॉक्टर म्हणाला. "दहा दिवस नळी राहू द्या, गोळ्या घ्या, पाणी भरपूर प्या. मग नळी काढून बघू. लघवी झाली तर सुटलात. नाही झाली तर पुन्हा नळी, आणि पुढं ऑपरेशन."

दहावा दिवस रविवार निघाला. खिडकीतल्या बाईनं कार्डावर लिहिलं आणि म्हणाली, "रविवारी बंद असतं बाबा, सोमवारी या." आश्रुबानं बोटांवर मोजलं. सोमवार म्हणजे अकरावा. पुन्हा मोजलं, तरी अकरावाच. निघताना एक नर्स घाईघाईनं दोन गोष्टी सांगून गेली. पिशवी जमिनीला टेकू द्यायची नाही, ही पहिली त्यानं नीट ऐकली. दुसरी सांगत असताना वॉर्डातली दोन माणसं त्याच्या पिशवीकडे बघत होती आणि ती धोतराच्या सोग्याखाली कशी लपवावी या विवंचनेत तो होता. ऐकलं असल्यासारखी मान मात्र त्यानं हलवली.

घरी सगळे जमिनीवर अंथरूण टाकून झोपणारे. नागेशनं शेजाऱ्याची लोखंडी कॉट आणली आणि पिशवी तिच्या खालच्या पट्टीला टांगली. त्या कॉटवर आश्रुबाचे दिवस सुरू झाले. नळीची पहिली खोड अशी की लघवी पिशवीत चाललेली असते आणि माणसाला मात्र वाटतं की आत्ता लागली, जोरात लागली, उठलंच पाहिजे. उठावं तर मांडीवर चिकटवलेली पट्टी ओढते आणि जिथं ओढू नये तिथं ओढते. बसावं तर टोकाशी मिरची लावल्यासारखी आग. कूस बदलायची तर आधी नळी कुठं आहे ते चाचपायचं, मग पाय, मग कंबर, आणि सगळ्यात शेवटी आपण. मधेच पोटात कळ यायची, मूठ आवळल्यासारखी, आणि आपोआप सुटायची. प्रत्येक कळेला आश्रुबा श्वास धरून पडायचा आणि मनात म्हणायचा, हीच का ती?

"लय दुखायलंय का?" कुसुमबाई विचारायची.

"न्हाई गं. आपलं थोडं."

पाणी तो पीत नव्हता. पाणी प्यालं की पिशवी भरते, पिशवी भरली की ती रिकामी करायला कुसुमबाई बसते, आणि पन्नास वर्षांच्या संसारात बायकोनं आपली लघवी उपसावी हे त्याच्या जिवाला लागायचं. ती तांब्या ठेवायची, तो खिडकीतून तुळशीला घालायचा. तुळस त्या आठवड्यात चांगली फोफावली.

दिवस मोजायचे नाहीत असं तो रोज सकाळी ठरवायचा आणि दात घासेपर्यंत मोजून मोकळा व्हायचा. पाचवा. सहावा. सितारामचा पाचवा कसा होता? बरा होता, चहा प्याला होता. सहाव्याला ताप आला होता. मग आश्रुबा हाताची उलटी बाजू आपल्याच कपाळाला लावून बसायचा.

सिताराम आणि तो, दोघांनी पूर्णेच्या कालव्यावर तीस वर्षं पाटकऱ्याची नोकरी केलेली. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी चाऱ्यांमधून शेतांना वाटणारा माणूस. दार उघडायचं, दार पाडायचं, आणि ज्याच्या शेतात पाणी पोचलं नाही त्याच्या शिव्या खायच्या. उंचवट्यावरचे शेतकरी दर पाळीला भांडायला यायचे. आश्रुबा त्यांना एकच उत्तर द्यायचा, "पानी माझं ऐकत न्हाई मालक, ते उताराचं ऐकतंय." सिताराम त्याच्याहून हुशार, तो त्या शेतकऱ्यांना आधी चहा पाजायचा आणि मग तेच सांगायचा.

गेल्या साली पोळ्याच्या आधी सितारामला नळी लागली. आठव्या दिवशी आश्रुबा भेटायला गेला, तेव्हा तो असाच कॉटवर पडलेला होता आणि ती पिवळी पिशवी कॉटच्या कडेला आल्यागेल्याला दिसेल अशी लोंबत होती. ओसरीवर बायामाणसं बसलेली. सिताराम म्हणजे इस्त्रीचा सदरा घातल्याशिवाय चारीवरसुद्धा न जाणारा माणूस. त्याची नजर सारखी पिशवीकडे जात होती. आश्रुबा उठला. त्यानं पिशवी काढली, कॉटवर सितारामच्या कुशीशी ठेवली आणि वरून चादर ओढली. सितारामनं त्याचा हात दाबला. दोस्ताची इज्जत राखली म्हणून आश्रुबा त्या दिवशी समाधानानं घरी आला. तिसऱ्या दिवशी सिताराम गेला.

आता आश्रुबाला घाई झाली होती ती वेगळ्याच कामाची. नात संघप्रिया नांदेडला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला बघायला पूर्णेचे पाहुणे रविवारी यायचे ठरलेले होते. नागेश म्हणाला, "आबा, पुढं ढकलू. तुमाला बरं वाटू द्या."

"आजाबात न्हाई," आश्रुबा कॉटवरून उठायला गेला आणि पट्टी ओढली जाऊन परत पडला. "आन् एक आयका. मला नळी हाय हे पाव्हण्यांना कळू द्यायचं न्हाई. म्हातारा नळीवर हाय म्हणल्यावर ते काय म्हणतील? वरीसभर थांबू, घरात कायतरी व्हनार हाय. मग पोरीचं बसतंय तसंच."

नागेशला यात काही अर्थ दिसला नाही, पण आजारी बापाशी वाद कोण घालतो! रविवार दहावा होता. अकराव्याच्या आत नातीचं जुळलेलं बघायचं, एवढं एक आश्रुबानं स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

संघप्रिया शनिवारी संध्याकाळी आली. आल्या आल्या तिनं पिशवी बघितली, नळी बघितली, आजोबाच्या पायावरची सूज दाबून बघितली. आश्रुबानं तोंड भिंतीकडे केलं. जिला खांद्यावर बसवून कालव्यावर फिरवली, ती पोर आता आपली पिशवी तपासते, म्हणजे जगणं कुठवर आलं!

"आबा, लघवी लय पिवळी हाय. पानी पिता का?"

"पितो की. तांब्यानं पितो."

कुसुमबाईनं खिडकीबाहेरच्या तुळशीकडे पाहिलं.

रविवारी सकाळी नागेशनं कॉट मागच्या अंगणात नेली. एवढी माणसं यायची तर खोली मोकळी हवी. भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंजी पडली, पाहुण्यांसाठी चार खुर्च्या आल्या, आणि आश्रुबाला भिंतीशी लोडाला टेकून बसवायचं ठरलं. घरच्या वडील माणसानं खुर्चीवर बसायचं आणि पाहुण्यांनी खाली, किंवा उलट, यावर नागेशचं आणि कुसुमबाईचं थोडं वाजलं, शेवटी आश्रुबा म्हणाला, "मी खालीच." खाली बसलं की पाय झाकता येतात.

आता पिशवीचं काय करावं? कॉट नाही, टांगायला जागा नाही. जमिनीला टेकवायची नाही, हे नर्सचं सांगणं त्याच्या पक्कं लक्षात होतं. संघप्रिया आत आवरत होती. तिला विचारायची त्याला लाज वाटली. शेवटी नवरा-बायकोनं दाराआड हा उद्योग केला. कुसुमबाईनं जुन्या लुगड्याचा काठ फाडला, पिशवी त्याच्या पोटावर बेंबीच्या वर बांधली, वरून सदरा आणि सदऱ्यावरून शाल. नळी धोतरातून वर गेली. आश्रुबानं आरशात पाहिलं. पोट जरासं सुटल्यासारखं दिसत होतं, बाकी काही नाही. तीस वर्षं उताराच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसानं आपल्या अंगातलं पाणी चढाला लावलं आणि वर पुन्हा केस विंचरले.

पाहुणे दहाला येणार होते, ते साडेअकराला आले. मुलगा, त्याची आई, एक बहीण आणि मामा. मुलगा गप्प होता, आई गप्प होती. त्या सगळ्यांचं बोलणं मामाकडे होतं. जय भीम झाला, पाणी झालं, आणि मामानं पूर्णेच्या जंक्शनवर कोणकोणत्या गाड्या पूर्वी थांबत आणि आता थांबत नाहीत ते सांगायला सुरुवात केली.

पहिली कळ पोह्यांच्या आधी आली. आश्रुबानं मुठी आवळल्या. ती सुटली नाही. एरवी कळ येते आणि उतरते; ही आली आणि बसली. ओटीपोट फुगायला लागलं, अगदी त्या शुक्रवारसारखं. त्याला वाटलं, सकाळी दोन घास खाल्ले म्हणून असेल. मग आग वर वर चढत कमरेत गेली आणि कपाळावर घाम आला.

"आजोबा, तुमी खाइनात," मामा म्हणाला.

"खातो की," आश्रुबा म्हणाला. ताटली हातात होती, तिच्यातले पोहे तसेच होते.

हीच ती, त्याच्या मनात आलं. एक दिवस आधीच. दहाव्याच दिवशी. सितारामचंही असंच पोट फुगलं असेल, त्याच्याही कमरेत अशीच आग गेली असेल, आणि तो कुणाला बोलला नसेल. भीतीनं त्याचे कान भरल्यासारखे झाले. मामाचे ओठ हलताना दिसत होते, आवाज लांबून येत होता. उठावं? उठून मागं जावं? पण उठलं तर शाल सरकेल, नळी दिसेल, आणि पोरीच्या जन्माचं नुकसान होईल. मरायचंच आहे तर पाहुणे गेल्यावर मरू. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. गाड्यांचं एवढं संपलं की ते उठतील.

मग मांडीला ओल लागली. नळीच्या बाजूनं काहीतरी गळत होतं. त्यानं शालीखाली हात घातला आणि बोटं बाहेर काढून पाहिली. बोटांवर तांबूस होतं. रक्त. त्यानं बोटं धोतराला पुसली आणि भिंतीला डोकं टेकलं.

तेवढ्यात संघप्रियाला बाहेर आणलं. ती समोर पाटावर बसली. मामानं गाड्या थांबवल्या आणि घसा साफ केला.

"नाव सांगा."

"संघप्रिया नागेश..." ती सांगता सांगता थांबली. ती पाहुण्यांकडे बघत नव्हती. ती आजोबाकडे बघत होती. त्याचा पांढरा पडलेला चेहरा, गळ्यावरून ओघळणारा घाम आणि शालीखालचं ते नवीन पोट.

"शिक्षन?" मामा म्हणाला.

ती पाटावरून उठली. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर पोरगी अशी मधेच उठत नसते. कुसुमबाईनं दारातून हातवारे केले, नागेश अर्धवट उभा राहिला. संघप्रिया आजोबाजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली.

"आबा, पिशवी कुठाय?"

"कसली पिशवी?" आश्रुबा म्हणाला. मरणाच्या दारातसुद्धा माणूस खोटं बोलतो.

तिनं शाल ओढली आणि सदरा वर केला. लुगड्याच्या काठात बांधलेली पिशवी सगळ्यांना दिसली. ती पालथ्या हातासारखी सपाट होती, कोरडी.

"खुर्ची द्या!" ती ओरडली. कुणाला उद्देशून ते तिलाही माहीत नव्हतं. मुलगा उठला आणि त्यानं आपली खुर्ची पुढं केली. तिनं आणि नागेशनं आश्रुबाला बगलेत धरून तिच्यावर बसवलं. संघप्रियानं गाठ सोडली, नळीला पडलेली मोड सरळ केली आणि पिशवी खाली, जमिनीपासून वीतभर अंतरावर हातात धरली.

एक क्षण काहीच झालं नाही. आश्रुबानं डोळे मिटले. मग नळीतून आलं, आधी लालसर गढूळ, मग धो धो. खोलीत दुसरा आवाज नव्हता. पिशवी भरत गेली आणि आश्रुबाचं पोट उतरत गेलं. चार पाहुणे, त्यांतली एक विहीणबाई होऊ घातलेली, आणि मध्ये तो, म्हातारा, ओल्या धोतरात. सुटकेनं आणि शरमेनं तो हुंदके देऊन रडायला लागला. यातलं कशासाठी किती, हे त्याला सांगता आलं नसतं.

पाहुणे उठले. दारात मामा म्हणाला, "कळवतो." मुलाची आई जाताना खुर्चीजवळ थांबली, मग मुलामागं बाहेर पडली.

"मी घालवलं पोरीचं," आश्रुबा दिवसभर म्हणत राहिला. कॉट परत आत आली होती. संघप्रियानं कॉलेजातल्या बाईंना फोन लावला, नंतर परभणीच्या डॉक्टरला. दोघंही म्हणाले, आता वाहतंय ना, मग पाणी पाजा, ताप बघा, सकाळी आणा. तिनं तांब्यामागून तांब्या आजोबाच्या हातात दिला आणि तो घशाखाली जाईपर्यंत समोरून हलली नाही. तुळशीला त्या दिवशी थेंब मिळाला नाही.

दिवेलागणीला आश्रुबानं तिला जवळ बोलावलं.

"पोरी, पिशवी वर ठिवली तर काय हुतंय?"

तिला वाटलं, आजोबा स्वतःसाठी विचारतोय. तिनं शिकवल्यासारखं सांगितलं, "आबा, कमरेच्या वर न्यायचीच नसते. लघवी उतरत न्हाई, आतच तुंबती. कवाकवा पिशवीतली घाण उलटी आत जाती. मग ताप येतो, इन्फेक्शन किडनीला जातं. म्हातारं मानूस असलं तर दगावतं बी."

"किती दिवसात?"

"काय न्हाई हुनार तुमाला. येळंवर कळलं."

"तसं न्हाई. किती दिवसात दगावतं?"

"दोन, तीन दिवसात बी," ती म्हणाली आणि पुन्हा तांब्या भरायला गेली.

सितारामचा आठवा दिवस. मग अकरावा. आश्रुबा कॉटवर आढ्याकडे बघत पडला. दहा दिवस तो ज्या मरणाला भीत होता ते त्याच्यासमोर आता वेगळ्या तोंडानं उभं राहिलं. नळीनं सितारामला मारलं नव्हतं. चादर ओढणारा हात त्याला दिसत होता, आणि सितारामनं दाबलेला तोच हात आता त्याच्या छातीवर पडलेला होता. त्याला तो उचलून दुसरीकडे ठेवावासा वाटला.

सोमवारी सकाळच्या गाडीनं नागेश आणि संघप्रियानं त्याला परभणीला नेलं. पिशवी त्यानं लपवली नाही, बाकाखाली पायाशी धरून बसला. डब्यातल्या लोकांनी पाहिलं. बघू देत. दवाखान्यात एका सिरिंजनं नळीच्या टोकाचा फुगा रिकामा केला, नर्स म्हणाली, "मोठा श्वास घ्या," आणि आतून कुणीतरी जळती दोरी ओढावी तशी नळी बाहेर आली. क्षणात झालं. एवढ्याशासाठी अकरा दिवस!

"आता पाणी प्या आणि लागली की या डब्यात करा," नर्सनं मापाचा डबा हातात दिला. "दोन-तीन तासांत झाली पाहिजे."

एक तास गेला. तो चार पेले पाणी प्याला. लागल्यासारखं झालं, संडासात गेला, उभा राहिला, काही नाही. बाहेर कुणीतरी दार वाजवलं. तो परत आला. दीड तास. पुन्हा गेला. संघप्रियानं बाहेरून सांगितलं, "आबा, नळ सोडा, आवाजानं येती." त्यानं नळ सोडला. नळातून पाणी येत होतं, त्याच्यातून नाही. ओटीपोट हळूहळू घट्ट व्हायला लागलं, ओळखीचं, शुक्रवारचं. आता पुन्हा नळी. पुन्हा ती आग. आणि हे बरोबरच आहे, त्याच्या मनात आलं. मी त्याचं अडवलं, आता माझं अडलं. कुणाकडे तक्रार करायची?

तिसऱ्या खेपेला दोन तास होऊन गेले होते. तो भिंतीला हात टेकून उभा राहिला, आणि स्वतःशीच, हळू आवाजात बोलला, "सिताराम, मला म्हाईत नव्हतं रे." दुसऱ्यांदा बोलला. तिसऱ्यांदा बोलायच्या आत एक थेंब पडला. मग दुसरा, चटका देणारा. मग धार, बारीक, तुटक, थांबून पुन्हा येणारी, पण त्याची स्वतःची. डबा जड झाला. तो दोन्ही हातांनी धरून बाहेर आला. संघप्रियानं माप वाचलं आणि व्हरांड्यातल्या सगळ्या लोकांसमोर आजोबाला मिठी मारली.

डॉक्टर म्हणाला, "सुटलात. गोळ्या सोडू नका." नागेशला पूर्णेहून फोन आला होता, मुलाच्या आईनं आधी विचारलं होतं, आजोबांची लघवी झाली का, आणि मग पुढच्या बैठकीचं. नागेश हसत होता, संघप्रिया लाजून खिडकीबाहेर बघत होती. आश्रुबानं ऐकलं. आनंद त्याच्यापर्यंत येत होता आणि वाटेत कुठंतरी थांबत होता.

चुडाव्याला उतरल्यावर तो घराकडे वळला नाही. "तुमी व्हा म्होरं," म्हणाला आणि सितारामच्या घरी गेला. सितारामची बायको पंचफुला ओसरीवर सुपात तूर पाखडत बसली होती.

"या भावजी. निघाली म्हणं नळी?"

"निघाली." तो पायरीवर बसला. आगीमुळे एका अंगावर रेलून बसला. मग म्हणाला, "वहिनी, त्या दिशी सितारामची पिशवी मी कॉटवर ठिवली व्हती. चादरीखाली. ती वर ठिवायची नसती. मला काल कळलं."

पंचफुलाचं सूप थांबलं.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

आश्रुबानं मान वर केली नाही.

"तुमी बसला व्हता तवाच मी दारातून बघितलं. डॉक्टरनं मला सांगितलेलं व्हतं ना. मी काढायला म्होरं आले, तर यांनी डोळ्यानंच नगं म्हणलं. तुमी वाटंला लागलाव आन् मी खाली टांगली. घटकाभर बी ऱ्हायली न्हाई वर." तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "किडन्या त्यांच्या आधीच गेलत्या भावजी. दवाखान्यानंच घरी न्या म्हणलं व्हतं. तुमाला सांगू नगं म्हणले."

"आन् पिशवी? ती का ऱ्हाऊ दिली त्यानं?"

"मी बी तेच इचारलं. दुखत व्हतं त्यांना, तोंडावर दिसत व्हतं. तर म्हणले, आश्रुबानं लय मायेनं ठिवलीया, त्यो जाऊस्तोवर ऱ्हाऊ दे."

आश्रुबानं उपरण्यात तोंड घातलं. तो कितीतरी वेळ रडत होता. पंचफुलानं त्याला रडू दिलं आणि उरलेली तूर पाखडायला घेतली.